निफाडच्या वाटणीचे १४ लाख: ओएनजीसी घ्यावी की परदेशी बाँड फंड?

इंदिरानगरहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

'मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं होतील. वय ६१. पेन्शन महिन्याला ३८ हजार, त्यात माझं एकटीचं भागतं. यजमान नाहीत. आई गेल्यावर भावांनी निफाडची जमीन विकली आणि माझ्या वाटणीचे १४ लाख माझ्या खात्यावर टाकले. मी मागितले नव्हते, तरी टाकले. त्यामुळे या पैशाला फार जपावंसं वाटतं. धाकटे दीर म्हणतात, वहिनी, ओएनजीसीचे शेअर घ्या. सरकारी कंपनी आहे, बुडायची नाही, शेअरमागे बारा रुपये लाभांश देते. मुलगा सिंगापूरला आहे. तो म्हणतो, आई, एकाच शेअरमध्ये सगळं घालू नकोस, इमर्जिंग मार्केट बाँड फंड घे. त्यात पन्नास-साठ देशांच्या सरकारांचे रोखे असतात, डॉलरमध्ये सहा टक्के पडतात आणि रुपया घसरला की फायदा वेगळा. दोघंही माझ्या भल्याचंच सांगतात. कोणाचं ऐकू? एकाचं ऐकलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, हेही मनात येतं.'

ताई,

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. यातली मोठी रक्कम दोन्हीकडे जाऊ नये. दिरांच्या सल्ल्याला तुमच्या पैशात थोडी जागा आहे. मुलाचा सल्ला त्याच्या स्वतःच्या पैशासाठी कदाचित चांगला असेल, तुमच्या पैशासाठी नाही. का, ते आता नीट सांगते.

दोघांनी तुमच्यापुढे एकेक आकडा ठेवला आहे. इकडे बारा रुपये, तिकडे सहा टक्के. आकडे शेजारीशेजारी ठेवले की तुलना झाली असं वाटतं. पण ते बारा रुपये कुठून येतात आणि सहा टक्के कुठून येतात, ते कधी आटतात आणि शेवटी तुमच्या हातात कोणत्या चलनात पडतात, हे पाहिल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ नाही.

आधी ओएनजीसी. कंपनी जमिनीखालून आणि समुद्राखालून कच्चं तेल आणि गॅस काढते. काढायचा खर्च तिचा, पण तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. तो भाव कसा हलतो पाहा. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० च्या खाली आला. जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेला. २० एप्रिल २०२० ला तर अमेरिकेतल्या वायदेबाजारात मे महिन्याच्या तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. तेल ठेवायला जागा नव्हती, म्हणून लोक पैसे देऊन माल उचलायला सांगत होते. पुढे दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२ मध्ये, रशिया-युक्रेन युद्धामुळे तोच भाव १३० डॉलरच्या वर गेला.

आता लाभांश. ओएनजीसीने २०२०-२१ या वर्षासाठी शेअरमागे ३ रुपये ६० पैसे दिले, पुढच्या वर्षी १० रुपये ५० पैसे, आणि २०२३-२४ साठी १२ रुपये २५ पैसे. दीर सांगतात ते बारा रुपये खरे आहेत, पण ते बऱ्या वर्षांचे आहेत. लाभांश म्हणजे कंपनीने कबूल केलेलं व्याज नव्हे. संचालक मंडळ बसतं, नफा बघतं आणि ठरवतं. तेल पडलं की लाभांश कमी होतो आणि त्याच वेळी शेअरही पडलेला असतो. मार्च २०२० मध्ये हा शेअर साठ रुपयांच्याही खाली होता. त्या महिन्यात तुम्हाला गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे लागले असते, तर काय भावाने विकावे लागले असते याचा विचार करा. नंतर भाव पुष्कळ वर आला हे खरं आहे, पण त्याचा फायदा ज्याला थांबणं परवडलं त्यालाच मिळाला.

'सरकारी कंपनी आहे, बुडायची नाही' हे दिरांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. पण सरकारी असण्याला दुसरी बाजू आहे आणि निफाडच्या लेकीला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कांद्याचं आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये भाव चढू लागले तसं केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली आणि लासलगावला लिलाव बंद पडले, ट्रॅक्टर उभेच. भाव पडतो तेव्हा शेतकरी एकटा असतो, भाव चढतो तेव्हा सरकार वाटेकरी होतं. तेलाचंही तसंच झालं. २०२२ मध्ये तेल भडकलं, कंपन्यांना नफा दिसू लागला आणि १ जुलैला सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर लावला. दर पंधरवड्याला तो कमी-जास्त होत राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. त्याआधीच्या काळात, डिझेल-रॉकेल स्वस्त ठेवायचं म्हणून, याच कंपनीला आपलं तेल सरकारी रिफायनऱ्यांना सवलतीत द्यावं लागत असे. जानेवारी २०१८ मध्ये तिने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना विकत घेतला. कंपनीत सर्वात मोठा भागधारक सरकारच आहे आणि सरकारच्या गरजा तुमच्या गरजांसारख्या नसतात. याचा एक फायदाही आहे. सरकारलाही लाभांश हवा असतो, म्हणून या कंपन्या लाभांश द्यायला सहसा हात आखडत नाहीत.

आणखी एक. 'ऊर्जेचा शेअर' म्हटलं की सगळे एका माळेचे मणी नसतात. तुमच्या महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' अशी एक ओळ असते, ती काढून बघा. कोळसा महागला की तो भार असा ग्राहकाच्या बिलात येतो. वीज बनवणारी एनटीपीसी किंवा ती वाहून नेणारी पॉवर ग्रिड यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग केंद्रीय वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या दरांवर चालतो. गुंतवलेल्या भांडवलावर किती परतावा घ्यायचा तेही आयोगच ठरवतो. त्यामुळे त्यांचं गाडं तेलाच्या भावाबरोबर एवढं हेलकावत नाही. तेल विकत घेऊन पेट्रोल विकणाऱ्या कंपन्यांचं तर बरेचदा उलटं असतं, कच्चं तेल स्वस्त झालं की त्यांना बरं. तेव्हा ऊर्जा क्षेत्रात थोडे पैसे घालायचेच असतील, तर सगळे एकट्या ओएनजीसीत घालायचं कारण नाही.

आता मुलाचा बाँड फंड. बाँड म्हणजे कर्जरोखा. 'बाँड' ऐकलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे बँकेची पावती येते: अमुक वर्षं, अमुक व्याज, मुदत संपली की मुद्दल परत. इथे पहिलीच गोष्ट समजून घ्या की फंडाला मुदत नसते. त्यातले रोखे मुदत संपून जातात, पण फंड त्या पैशातून नवे रोखे घेत राहतो. तुमचं मुद्दल अमुक तारखेला परत मिळेल असं कोणीही तुम्हाला सांगितलेलं नसतं. ज्या दिवशी विकाल, त्या दिवशीचा भाव मिळेल.

इमर्जिंग मार्केट म्हणजे विकसनशील, उदयोन्मुख देश. त्यांच्या रोख्यांचे असे फंड मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एकात मेक्सिको, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, सौदी अरेबिया असे देश डॉलरमध्ये कर्ज काढतात ते रोखे असतात. दुसऱ्यात हे देश आपापल्या चलनात काढतात ते. सहा टक्के 'डॉलरमध्ये' म्हणजे तुमचा मुलगा पहिल्याबद्दल बोलतोय.

हे देश अमेरिकेपेक्षा जास्त व्याज देतात, कारण त्यातले काही अधूनमधून हप्ता चुकवतात. अर्जेंटिनाने जून २०१७ मध्ये चक्क शंभर वर्षांच्या मुदतीचे डॉलर रोखे विकले, सव्वासात टक्क्यांच्या आसपास व्याजाचे. लोकांनी ते घेतले. तीन वर्षांत, २०२० मध्ये, अर्जेंटिनाने हात वर केले. त्याच वर्षी झांबियाने, २०२२ मध्ये श्रीलंकेने आणि घानाने परकीय कर्ज थकवलं. पन्नास-साठ देशांमध्ये पैसे विभागलेले असल्यामुळे एक देश बुडाल्याने फंड बुडत नाही, इथे तुमच्या मुलाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. एका शेअरपेक्षा हे नक्कीच पसरलेलं आहे.

पण मोठा फटका वेगळ्याच दिशेने येतो. हे लांब मुदतीचे रोखे असतात. अमेरिकेतले व्याजदर एक टक्का चढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची मागणी घटते आणि अशा फंडाचा भाव साधारण सात टक्के उतरतो. २०२२ मध्ये अमेरिकेने महागाई आवरायला दर भराभर वाढवले, तेव्हा जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेचा डॉलर रोख्यांचा प्रमुख निर्देशांक, म्हणजे अशा रोख्यांच्या भावाचं मोजमाप, व्याज धरूनही, सुमारे १८ टक्के खाली गेला. सहा टक्के मिळतील म्हणून ठेवावेत आणि वर्षाअखेर शंभराचे ब्याऐंशी दिसावेत, असं ते वर्ष होतं.

रुपया घसरला की फायदा, हा मुलाचा मुद्दा खोटा नाही. त्याच २०२२ मध्ये रुपया डॉलरला ७४ च्या आसपासवरून ८३ च्या जवळ गेला. त्यामुळे आपल्या माणसाचा तोटा १८ ऐवजी आठ-नऊ टक्क्यांवर आला. २०११ च्या मध्यावर डॉलर ४५ रुपयांना होता, २०२४ च्या अखेरीला ८५ ला. लांबून बघितलं तर रुपया उतरत आला आहे. पण सरळ रेषेत नाही. २००२ मध्ये डॉलर ४९ रुपयांचा होता आणि २००७ संपताना ३९ वर आला. त्या पाच वर्षांत डॉलर धरून बसलेल्या माणसाचं मुद्दल रुपयात घटत होतं. तुमचा किराणा, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवालीचा पगार सगळं रुपयात आहे.

आता जे तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही, ते सांगते, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत निकाल इथेच लागतो. हा फंड अमेरिकेत नोंदलेला असेल, तर तो देईल त्या लाभांशातून अमेरिका २५ टक्के कर आधीच कापून घेते. दोन देशांतल्या करारानुसार तो कर आपल्याकडच्या करातून वजा मिळतो. पण वजा कशातून मिळणार? तुमची पेन्शन वर्षाला ४ लाख ५६ हजार. वरचं व्याज धरलं तरी नव्या कररचनेत १२ लाखांच्या खूप आत, म्हणजे तुमचा इथला कर शून्य. शून्यातून काही वजा होत नाही. अमेरिकेने कापलेले पैसे गेलेच. सहाचे साडेचार झाले, तेही बँकेचा चलनबदलाचा खर्च धरण्याआधी. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडांत ही कपात टळते, पण बाकीची कटकट तीच. परदेशी पैसे पाठवायला बँकेत ए-२ फॉर्म, वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक जागेवरच वसूल करते तो कर, आधी भरायचा आणि मग विवरणपत्रातून परत मागायचा. विवरणपत्राचा तुमचा साधा आयटीआर-१ फॉर्म चालणार नाही, परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दरवर्षी भरावं लागेल, एकही शेअर विकला नसला तरी. इथल्या म्युच्युअल फंडांमार्फत जावं म्हटलं तर त्यांच्या एकूण परदेशी गुंतवणुकीवर ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे आणि २०२२ पासून अशा बऱ्याच योजना नवे पैसे घेणं बंद-चालू करत आल्या आहेत.

तुमचा मुलगा सिंगापूरला कमावतो, तिथल्या डॉलरमध्ये खर्च करतो, त्याला अजून तीस वर्षं नोकरी करायची आहे. तोच फंड त्याच्या हातात वेगळा आहे. त्याला म्हणावं, तुझ्या पैशातला एक हिस्सा तिथे ठेव.

दोघांचे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं तुम्हाला वाटतंय. तसंही पूर्ण नाही. बाँड फंडातल्या देशांमध्ये तेल विकून जगणारे बरेच आहेत. मार्च २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा तेलाचे शेअर तर पडलेच, हे फंडही काही आठवड्यांत पाचव्या हिश्शाने उतरले होते. अर्धे इकडे अर्धे तिकडे ठेवले म्हणजे दोघांचीही मनं राखली, पण त्या महिन्यात दोन्हीकडे लाल आकडेच दिसले असते.

आणि दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे त्या-त्या देशाच्या चलनातल्या रोख्यांबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. २८ जून २०२४ पासून जेपी मॉर्गनच्या निर्देशांकात भारत सरकारचे रुपयातले रोखे घ्यायला सुरुवात झाली, दर महिन्याला एक टक्का करत मार्च २०२५ पर्यंत दहा टक्के. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कची मंडळी ज्या 'उदयोन्मुख' देशाचे रोखे हौसेने घेतात, त्यातला एक आपण आहोत. ते रोखे तुम्हाला घरबसल्या मिळतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये रिटेल डायरेक्ट ही सोय सुरू केली, खातं उघडायला पैसे लागत नाहीत, दहा हजारांपासून रोखे घेता येतात, व्याज सहा-सहा महिन्यांनी रुपयात जमा होतं आणि मुदतीअखेर मुद्दल परत. सरकारी रोखेच हवे असतील तर सिंगापूरमार्गे जायला नको.

मी तुमच्या जागी काय करेन ते लिहिते. १४ लाखांतले १० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एप्रिल २०२३ पासून तिथे ८.२ टक्के दर आहे, मर्यादा ३० लाखांची आहे, मुदत पाच वर्षं आणि पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. खातं उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं तुमचा. दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये तुमच्या बचत खात्यात येतील, आणि तुमच्या उत्पन्नावर कर नसल्यामुळे ते सगळे तुमचे. ओएनजीसीच्या बऱ्या वर्षाच्या लाभांशापेक्षा आणि मुलाच्या सहा डॉलरी टक्क्यांपेक्षा हे जास्त आहे, आणि ते ठरलेलं आहे. जोखीम कमी आणि परतावा जास्त असं फार क्वचित जुळून येतं. साठी ओलांडल्यामुळे ते तुम्हाला जुळून आलं आहे, ते सोडू नका. मुदतीआधी पैसे काढले तर थोडी कपात होते, म्हणून दोन लाख बँकेत वर्षाच्या ठेवीत मोकळे ठेवा. दवाखान्याची वेळ आलीच तर पोस्टाचं खातं मोडायला नको.

राहिले दोन लाख. यात दिरांचं ऐका. पण एका दिवशी एका कंपनीत नको. वर्षभरात थोडे थोडे, आणि ओएनजीसीबरोबर वीज वाहून नेणारी एखादी कंपनी घ्या, म्हणजे सगळं तेलाच्या भावावर राहणार नाही. आणि हे दोन लाख उद्या एक लाख दहा हजार दिसले तरी झोप उडणार नसेल, तरच घ्या. उडणार असेल तर तेही पोस्टात टाका, दिरांना काही वाटायचं कारण नाही. शेअर ठेवायचं डिमॅट खातं तुमच्या नावाचं, मोबाइल नंबर तुमचा आणि पासवर्डही तुमच्याकडेच. दीर कितीही सज्जन असले तरी व्यवहाराचा ओटीपी त्यांना सांगायचा नाही. हे दिरांवरच्या अविश्वासातून सांगत नाही. तुमच्या भावांनी ते पैसे तुमच्या एकटीच्या नावाने टाकले आहेत, ते तसेच राहावेत.

वाईट वाटण्याचं म्हणाल तर मुलाला फोनवर एवढंच सांगा की अमेरिकेची २५ टक्के कपात मला परत मिळत नाही. तो हिशेबी दिसतो, त्याच्या लगेच लक्षात येईल. बहुधा त्याने स्वतःच्या कराचा विचार केला, तुमच्या कराचा केला नाही. परदेशात राहणाऱ्या मुलांचं असं होतं.

पोस्टात जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि जन्मतारखेचा दाखला न्या. एक लाखाच्या वर रक्कम असल्यामुळे चेक लागेल. फॉर्ममध्ये वारसाच्या नावाचा रकाना असतो, तो कोरा सोडू नका. काउंटरवर गर्दी असली की 'नंतर भरू' म्हणतात आणि ते राहून जातं. मुलाचं नाव तिथल्या तिथे लिहा, पासबुक हातात आल्यावर ते छापलं आहे का तेवढं बघून मगच बाहेर पडा.